रकाना क्रमांक सत्तावीस

शाळेत रॅम्प आहे का?
अठरा वर्षं मी लिहीत आलो : आहे.

अगदीच खोटं नव्हतं ते.
फाटकापासून व्हरांड्याच्या दिशेनं
सिमेंटची एक उतरण निघते.
सुर्वे शिपाई तिच्यावर स्कूटर लावतो,
मधल्या सुट्टीत पोरं घसरतात.
व्हरांडा तिच्याहून दोन पायऱ्या उंच.
कंत्राटदाराचं बिल तिथं संपलं,
माझी नजरही.
मधे फॉर्मवरचा शब्द तेवढा बदलला,
अपंगचं दिव्यांग झालं.
पायऱ्या दोनच्या दोन.

स्रवंती गुंडेटी पाचवीपर्यंत खाली होती.
तिची आई खुर्ची मागं कलती करायची
आणि धप्, धप्.
मला ऑफिसात ऐकू यायचं,
सही करताना पेन हलायचं नाही.

जूनमध्ये स्रवंती पास झाली.
आमच्याकडे पास होणं म्हणजे वर जाणं :
सहावी ब, दुसरा मजला,
चव्वेचाळीस पायऱ्या.

राजव्वा गुंडेटी, काजं-बटणं करणारी,
बोटाला चिंधी बांधलेली,
माझ्या टेबलासमोर उभी.
मोठ्या बाई समजावत होत्या :
शिक्षिका घरी येईल ना, आठवड्यातून एकदा,
हक्कच आहे तिचा तो.
‘बाकीच्या अडतीस जणांना पण घरीच शिकवणार काय?’
बाई म्हणाल्या, वरच्यांना विचारावं लागेल.
‘विचारा. मी तर रोज वरच जाते,
सव्वीस किलो घेऊन.
लिफ्ट नको मला.
पोरगी वर जात नसेल
तर सहावी खाली आणा.’

इतकं सोपं वाक्य
आमच्या एकाही परिपत्रकात नव्हतं.

सप्टेंबरात फॉर्म आला.
मी शिंप्याकडून टेप आणली,
सुर्वेला स्कूटर काढायला लावली,
वाकलो. गुडघे वाजले.
पहिली पायरी सात इंच, दुसरी साडेसात.
सत्तावीसमध्ये लिहिलं :
आहे, पण दोन पायऱ्या आधी संपतो.
रकाना पुरला नाही,
अक्षरं अठ्ठावीसमध्ये शिरली,
तिथं पिण्याच्या पाण्याबद्दल विचारलं होतं.

फॉर्म परत. लाल शेरा :
फक्त आहे / नाही लिहावे.

मग लिहिलं, नाही.
नोकरीतलं माझं पहिलं नाही.
हात थोडा थरथरला, वय असेल.

पायऱ्या आहेत अजून.
कुणीतरी पाहणीला येणार आहे म्हणे,
दिवाळीनंतर, कुठल्या ते विचारू नका.
पण तळमजल्याच्या कोठीतून
मोडकी बाकं आम्ही मागच्या अंगणात टाकली,
पोषण आहाराच्या गोण्या भिंतीला सारल्या,
आणि सहावी ब तिथं बसते.
तांदळाचा वास, एकच पंखा.
पोरं कुरकुरतात : खिडकीतून समुद्र दिसायचा वरून.

स्रवंतीनं कधी पाहिला नव्हता तो.
ती विचारते, कसा दिसायचा?
आणि अडतीस जण
एकदम सांगायला लागतात.