पाठ सहावा : पापणी

आधी मीही तेच केलं, जे सगळे करतात.
उद्दिष्टं लिहिली : या पाठाच्या शेवटी शिकणारी व्यक्ती
शेळीच्या अंगातलं रक्त कमी झाल्याचं ओळखू शकेल.
मग चौकट, चौकटीत आणखी चौकट,
पन्नास मिनिटांचा व्हिडिओ, मागे निळा पडदा
आणि मी, इस्त्रीच्या साडीत,
शेळीशिवाय.

पहिल्या तुकडीत चाळीस बाया.
तिसऱ्या पाठाला सव्वीस. पाचव्याला नऊ.
आलेखातली रेघ उतरत गेली
मार्चातल्या बोडीच्या पाण्यासारखी.
वरच्या कार्यालयाने विचारलं, प्रेरणा कमी पडते का?
मी सिंदेवाहीहून एसटी धरली, प्रेरणा बघायला.

फुलवंता नैताम बोडीच्या पारीवर बसलेली.
तिथे दोन दांड्या येतात.
मोबाईल पोराचा. पोरगा विटाभट्टीवरून आठला परततो
आणि तोवर दिवसाचा डाटा
त्याने क्रिकेटला वाहिलेला असतो.
"पन्नास मिनिटं? इतक्यात तं माह्या शेळ्या
जंगलात जाऊन येते, मॅडम."

माझा रंगतक्ता उघडला तिने.
लाल ते पांढरा, पाच चौकोन,
त्यांच्यावर मी तीन दिवस घालवले होते.
काचेला तडा, बॅटरी वाचवायला उजेड खाली केलेला;
पाचही चौकोन ओल्या राखेचे.
"यातला पांढरा कोनता जी?"
मी बोट फिरवलं. मलाही सापडला नाही.

मग तिने एक शेळी ओढली, मान गुडघ्यांत धरली,
अंगठ्याने खालची पापणी उलटवली.
"हे पाय. लाल जामाच्या गरावानी असली, तं बेस.
तांदूर धुतल्या पान्यावानी झाली, तं दवा आना.
उद्या नाई. आजच."
अकरा सेकंद.
मी मोजले नाहीत, रेकॉर्डरने मोजले.

रात्री पुन्हा बसले. आधी स्वतःला कापलं,
मग निळा पडदा, मग 'परजीवी प्रादुर्भाव'.
'रक्तक्षय' तेवढा राहू दिला :
हा शब्द बोललं की औषधाचा दुकानदार
मान वर करून बघतो,
हेही फुलवंतानेच सांगितलं होतं.
पाठ तीन मिनिटांचा झाला. नुसता आवाज, तिचा,
मागे शेळी ओरडते ती तशीच ठेवली.
प्रश्नमंजुषा काढून टाकली, तिच्या जागी एकच काम :
सगळ्यात रोडक्या शेळीची पापणी बघा,
रंग कशासारखा, ते बोलून पाठवा.

उत्तरं दोन दिवस येत राहिली, पहाटे, मध्यरात्री,
कोणाचा डाटा कधी उरला तसतशी.
वाळल्या पळसफुलावानी.
लुगड्याच्या विटल्या काठावानी.
कोणी नुसतंच, "बेस हाय," आणि मागे भांडी.

शेवटचं यशोधरा रामटेकेचं, एकोणीस सेकंदांचं.
"शेळीची बरी हाय जी. लाल हाय.
मंग आरशात माही पाहली.
तांदूर धुतल्या पान्यावानी.
शेळीची दवा मले चालन का?"

साच्यात दोनच खाने आहेत, बरोबर आणि चूक.
त्याखाली शेरा, वीस शब्दांच्या आत.
मी तिला फोन लावला, तर मोबाईल बंद;
म्हणजे तो भट्टीवर, मालकाच्या खिशात.

सातवा पाठ खुरं कापण्याचा ठरला होता.
तो पुढे ढकलला आहे.