पुराव्याचा रकाना

येऊरच्या आमच्या पाड्यावर घरं एकोणतीस.
अर्जांची पिशवी माझ्याकडे,
आढ्याला टांगलेली,
बियाण्याच्या भोपळ्याशेजारी.
मी समितीची सचिव. बारावी पास.

नाव, बापाचं नाव, जमात : वारली.
इथवर पेन न थांबता जातं.
मग पुराव्याचा रकाना येतो
आणि ते गेटवर अडवल्यासारखं उभं राहतं.

गेटवर आम्हालाही अडवतात.
नवा गार्ड आला की आधार कार्ड दाखवून
आपल्याच घरी जायचं.
हळदीच्या गाड्या डीजेसकट वर जातात,
त्यांना तो हात दाखवून
वळण सांगतो.

काकड्या उमतोलला विचारलं :
काका, तेरा डिसेंबर दोन हजार पाचच्या आधी
तू इथं होतास, याला आधार काय?
तारीख त्यांची, म्हणाला,
मी कशाला सांभाळू?
आणि नव्हतो, तर त्याच्या आदल्या साली
माझी कोयती कोणाची जप्त केली?
पावती त्यांच्याकडंच असंल.
कोयतीपण.

मग तो मला वाघोबाकडे घेऊन गेला.
दगड गुडघ्याएवढा.
शेंदराखाली वाघ आहे हे
बोट फिरवल्यावर कळतं.
वर एका अंगाला सूर्य, एका अंगाला चंद्र.
हे कशाला?
साक्षीदार, म्हणाला.
एक दिवसाचा, एक रातचा.

करार असा :
वाघबारशीला कोंबडा.
ओढ्यापलीकडची वाट दिवस बुडाला की त्याची,
अलीकडची आमची.
त्यानं पोरांना शिवायचं नाही.
आमी त्याच्या पिलांकडं जायचं नाही.
कुणी मोडला कधी?
काका खूप वेळ
शेंदराचं बोट धोतराला पुसत राहिला.
एकदा, म्हणाला. माझ्या आज्याच्या वेळंला.
आमीच.
पुढचं त्यानं सांगितलं नाही,
मीही लिहून घेतलं नाही.

मोजणीला आलेला पोरगा जळगावकडचा,
स्वभावानं गरीब.
घरून आणलेली चटणी त्यानं आम्हाला वाढली.
त्याच्या यंत्राला झाडांखाली उपग्रह सापडेना.
मोकळ्यावर या ना मावशी, म्हणाला.
मोकळं ते बंगलेवाल्यांचं, नवशीमावशी म्हणाली,
झाडं आहेत तेवढं आमचं.
त्यानं मान हलवली, बटण दाबलं,
आणि नाचणीचे दोन एकर
अकरा गुंठे झाले.
पंचनाम्यात वाघोबाही आला :
‘दगड एक, धार्मिक.’

कोर्टनाक्यावरून फाइल परत आली.
शेरा : पुरावा अपुरा.
खाली सही, सहीवर शिक्का,
शिक्क्यावर कोणाच्या तरी चहाचा गोल.
मी तो गोल बराच वेळ बघत होते.
सूर्य म्हणावा की चंद्र.

काल पहाटे पाण्याला गेले,
तर दगडापासून आठ हातांवर,
ओल्या मातीत, पंजा.
कडा अजून ढासळल्या नव्हत्या.
कागदावर याला बिबट्या म्हणतात,
आमच्यात तो वाघच.
शेजारी माझी चप्पल ठेवून फोटो काढला,
माप कळावं म्हणून.

रात्री रिसॉर्टची गाणी चालू होती,
त्या आवाजात नवा अर्ज भरला.
पुराव्याच्या रकान्यात लिहिलं :
करार तोंडी. साक्षीदार दोन,
दोघंही हयात.
दुसऱ्या पक्षाचा अंगठा सोबत जोडला आहे.
वाचून बघितलं. खोडावंसं वाटलं.
खोडलं नाही.

आज कलेक्टर कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला म्हणाला,
ताई, नुसतं काळं येतंय.
मी कागद उजेडात धरला.
खरंच, काळं.
चार बोटांच्या जागी
जरा जास्त काळं.
माझी चप्पल मात्र
अंगठ्याच्या तुटक्या पट्ट्यासकट
स्वच्छ आली होती.

चालेल, म्हटलं.
तीन प्रती.