निवळी

मुहर्रकला, बोटी दुरुस्त करतात त्या धक्क्यामागे
आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा.
बाहेरचा समुद्र उथळ, ऑगस्टात
अंघोळीला काढून ठेवलेल्या पाण्यासारखा.
टेबलावर मात्र आज उत्तरेकडचं पाणी आलंय,
हिमनगांच्या वाटेवरचं, बारा बाटल्या,
बुचांना ग्रीस, आणि प्रत्येकीत
पाऱ्याच्या विषाचे चार थेंब,
प्रवासात आत कुणी श्वास घेऊ नये म्हणून.
एखादा जरी जीव आत जगला
तरी हिशेब चुकतो.

सालमीन बोट चालवतो, आमचे स्थानिक नमुने आणतो.
त्याला इथे नूखदा म्हणतात, आमच्या खाडीत नाखवा.
एकाच गलबतातून उतरला असणार हा शब्द,
अर्धा तिकडे, अर्धा इकडे.
तो विचारतो, थंड पाणी तर चांगलं ना?
मासा खूश, बर्फाचा खर्च वाचला.
मी म्हणते, तुझी कोल्ड्रिंकची बाटली
उन्हात डेकवर राहिली तर काय होतं?
बेचव, म्हणतो. सगळा वायू उडतो.
आणि बर्फाच्या पेटीत?
तो थांबतो.
मग बाराही बाटल्यांकडे बघतो,
एकेकीकडे.

बाणकोटच्या खाडीत माझ्या वडिलांची भट्टी होती.
तिसऱ्यांची टरफलं, कालवांची, शिंपल्यांची,
एक थर कोळसा, एक थर समुद्र,
तीन दिवस जळायचं.
मग पाणी मारलं की चुनकळी
फुसफुसत फुलायची, आई पदर नाकाला लावायची.
पानाला लागणारा चुना, देवळाच्या भिंतीचा चुना.
धूर कुठे गेला, कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मला त्यातून फी मिळत होती.

आठवीत बागवे सरांनी
त्याच चुन्याची निवळी केली होती.
नळीने फुंका, म्हणाले, दुधाळ होईल,
म्हणजे तुमच्या श्वासात काय आहे ते कळेल.
झाली दुधाळ. सगळ्यांनी वहीत लिहिलं.
मी फुंकतच राहिले, हट्टाने, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत,
आणि दूध विरलं.
निवळी पुन्हा नितळ.
सर म्हणाले, तुझी परीक्षानळी मुळात घाणेरडी असेल,
धुऊन परत कर.

धुतली. परत केली. सांगितलं तिथेच थांबले.
मार्क पडले.

आज जांभळ्या शाईचा एक थेंब सोडून
मी त्या नितळपणाला आकडा देते.
आकडा एकाच्या वर असेल
तर शिंपला टिकतो.
खाली असेल तर पाणी त्याला
हळूहळू परत मागू लागतं.
सालमीनचं पाणी: चारच्या आसपास.
उत्तरेची सातवी बाटली:
शून्य पूर्णांक ब्याण्णव.
मी दोनदा करते. तिसऱ्यांदाही.
परीक्षानळी स्वच्छ आहे, सर.

सालमीन खिशातून शिंपला काढतो,
आजोबांचा, किल्ल्यांबरोबर ठेवलेला,
आतून अजून चमकणारा.
मोती दुसऱ्यांचे, म्हणतो, हे घर तेवढं आमचं.
तो सातव्या बाटलीशेजारी ठेवतो.
काही होत नाही, अर्थात. काच आहे मध्ये.
तरी मी तो उचलून
खिडकीत ठेवते, कोमट समुद्राच्या बाजूला.

आठवीचं बूच काढायचंय.
नमुन्यावर श्वास सोडायचा नसतो,
आपला एक फुत्कारही आकड्यात उतरतो,
म्हणून मी तोंड मिटते, मान वळवते.
सालमीन हसतो.
आजोबा दोन मिनिटं धरायचे, म्हणतो,
दोरी ओढली की वर.
मी बोटाने खूण करते, गप्प.
ग्रीस सुटतं. पाणी नळीत चढतं.
सतरा, अठरा, एकोणीस,

दोरी कुणाच्या हातात आहे
ते नंतर विचारू.