सपाट जागा

हुकूम आला तेव्हा मी कांद्याचे पैसे मोजत होते.
त्रिफैना माझं नाव. नवरा गेल्यापासून
नाणी बदलून द्यायचं मेज मीच चालवते
स्ट्राटोनिकेयाच्या बाजारात,
ऑलिव्हवाला एकीकडे, खारवलेले मासे दुसरीकडे.

ही मोठी काशाची नाणी आली
त्याला सात वर्षं झाली. दोघे भाऊ समोरासमोर,
नाकाला नाक लागेल इतके जवळ.
धाकटा गुबगुबीत. पुढे राज्य करणार, म्हणायचे.
साचा कोरणाऱ्या हेर्मियासनं
त्याला जन्मात पाहिलं नव्हतं;
त्यानं पाववाल्याच्या पोराला तासभर दारात उभं केलं
आणि त्याचा कान उचलला.
ते पोरगं वर्षभर भाव खात होतं.

आता धाकटा नाही.
कुठे, कसा, ते विचारायचं नाही.
नगरसभेचा माणूस हातोडी ठेवून गेला:
नाव घालवा, तोंड घालवा, मग नाणं चालेल.

तीन दिवस ठोकतेय.
नाक लगेच बसतं. ओठ दोन घावांत.
कान मात्र खोल कोरलेला,
चांगल्या कारागिराचा हा असा त्रास.
काल मनगट सुजलं, तेलानं चोळलं,
आज पुन्हा.

दुपारी पाववाल्याचं पोरगं आलं,
दाढी फुटलेली, बापाची थैली घेऊन.
एकेक नाणं मेजावर मांडलं.
मी ठोकत होते तेव्हा
त्याचा हात आपोआप कानाकडे गेला.
"तेवढा राहू दे की," म्हणाला.
मी म्हटलं, "बाजूला हो, उजेड अडतोय."

ऑलिव्हवाल्यानं विचारलं, वजनात खोट येते का?
तराजू धरला. एक पुसलेलं, एक तसंच.
काटा मधोमध.
मलाही नवल वाटलं, मग लक्षात आलं:
खरवडलं कुठे होतं? ठोकलं होतं.
कांसं इथलं तिथे सरकलं,
नाणं त्या अंगाला केसभर रुंद झालं, इतकंच.
तोंड आहे आतच,
पसरलेलं.

थोरला अजून तसाच बघतोय,
तितक्याच जवळून.

संध्याकाळी त्यातल्याच एकाचे
कांदे घेतले. दुकानदारानं
नाणं दातानं चावून पाहिलं, गल्ल्यात टाकलं,
आणि वर एक कांदा जास्त दिला,
हात सुजलाय बघून.