पापाची वही

पापाची वही म्हटलं की वाडीत हसू पिकायचं,
कारण आम्ही बापाला पापा म्हणायचो
आणि वहीतही तेच असायचं.

लांबट, निळ्या पुठ्ठ्याची,
दुकानात उधारी लिहितात तसली, वेंगुर्ल्याहून आणलेली.
इगर्जीची घंटा वाजवून झाली
की खांबाआड उभा राहून तो लिहायचा.
मिसाला कोण उशिरा आलं, कोण मागल्या दारानं गेलं,
कुमसाराला कोण दोन महिने फिरकलं नाही,
उपासकाळातल्या शुक्रवारी कुणाच्या चुलीतून
कोंबडीचा वास आला.
वासाला साक्षीदार कोण, असं मायनं एकदा विचारलं.
तिचंही नाव लिहिलं.

शुक्रवारी मासे चालतात, पाद्री म्हणायचा.
पापाला चालत नसत.
माशालाही रक्त असतं, तो म्हणायचा,
आणि आम्ही पेजेबरोबर मीठ खायचो,
समोर अख्खा दर्या असताना.

इनासचं पान वेगळं होतं.
माझ्या भावानं मालवणला कोर्टात जाऊन
सह्या करून लग्न केलं, दर्शनाशी.
पापानं त्याचं नाव तांबड्या शाईनं लिहिलं,
खाली दोन रेघा मारल्या.
पट्टी मी धरली होती.
तेरा वर्षांची होते, रेघ वाकडी येऊ दिली नाही.

सात वर्षांनी तो आला. शुक्रवारच होता.
रापण ओढणं चाललं होतं सकाळपासून,
कमरेत वाकलेली माणसं, हाताची सालं निघालेली.
इनास यष्टीतून उतरला तो थेट वाळूत,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
दोराच्या अगदी शेवटाला लागला.
दहा हात ओढला असेल फार तर,
तोवर जाळ्याचं पोट कडेला आलंच, चांदीनं तडतडत.

धाकू तांडेल वाटे घालू लागला.
सगळ्यांना घातला तेवढाच इनासला.
कुणीतरी बोललं, हो तर आत्ता इलो.
धाकूनं मानही वर केली नाही.
"हात लागलो मा दोरयेक?
मगे वाटो."

वर सुरूंच्या सावलीत पापा उभा होता,
एका काखेत छत्री, एका काखेत वही.
धाकू टोपली घेऊन तिथून गेला
आणि जाता जाता दोन बांगडे
त्याच्या पायांशी ठेवले.
"माझा हात नाही लागला," पापा म्हणाला.
धाकू तोवर पुढे गेला होता.

कावळा आला. पापानं हाकलला.
पुन्हा आला.
मग तो खाली बसला, पिशवी नव्हती,
बांगडे वहीवर ठेवले
आणि दोन्ही हातांनी घरी आणले,
ओस्तीची ताटली नेतात तसे, न हलवता.

त्या दिवशी खाल्ले नाहीत. शुक्रवार होता.
मीठ लावून ठेवले.
शनिवारी जेवताना मधली तुकडी
इनासच्या ताटात सरकवली.
बोलला काही नाही. दर्शनाकडे बघितलंही नाही.
सगळं एकदम होत नाही.

तो गेल्यावर वही मी उघडली.
इनासचं पान जागेवर होतं, दोन्ही रेघांसकट.
पान फाडणारा माणूस नव्हता तो.
पण त्या शुक्रवारच्या पानावर, त्याच्या कोरीव अक्षरात:
बांगडे दोन.
कुणाकडून: धाकू.
कशाबद्दल:
आणि पुढे पान कोरं.
कोपऱ्यात एक खवलं चिकटलेलं.

पट्टी माझ्याकडे राहिली. लाकडी, बारा इंची,
कडेला तांबडी शाई मुरलेली.
परवा नात ती घेऊन किनाऱ्यावर गेली,
वाळूच्या घराच्या भिंती सरळ कापायला,
आणि तिथंच विसरून आली.
किती वेळा सांगितलं, म्हणत मी तोंड उघडलं,
बोटं मोजायलाही लागले,
आणि कुठून कोण जाणे
बांगडा भाजल्याचा वास आला.

साक्षीदार कुणी नाही.