नळी

सकाळी साडेसातला गंगावेशीतल्या लॅबचं शटर
अर्धंच वर गेलेलं असतं,
तेव्हा हिंदुराव चौगले त्याखालून वाकून आत येतात.
सत्तरीचा माणूस. कान चुरगळलेले, मान अजून बैलाची.
‘बारा तास नुसतं पाणी पिलोय पोरी. काढ.’

शीर शोधावी लागत नाही.
दंड म्हणजे तालमीतला जुना खांब, रंग उडालेला.

यंत्र गरगरतं, थांबतं.
खाली रक्त बसतं. वर पिवळसर, नितळ
काहीतरी यायला हवं.
वर येतं ते दूध.
कट्ट्यावर म्हशीची धार पेल्यात घेतात ना, तसलं.
नाहीतर पांढरा रस्सा, रात्रभर राहिलेला.

सहाशे बारा.
दीडशेच्या आत हवं. मी आकडा पुन्हा काढते.
सहाशे बारा.

‘मटण सोडू?’
गाव सोडू का, असं विचारावं तसं विचारतात.

सांगायचं काम डॉक्टर शिरोळकरबाईंचं,
माझं चिठ्ठ्या चिकटवायचं.
पण बाई येईपर्यंत बाकावर बसून ते बोलतात:
चार लिटर दूध, वाटीभर तूप, थंडाईत मूठमूठ बदाम,
नळी ताटावर आपटून चोखलेली,
आणि पहाटे हजार जोर, दोन हजार बैठका,
हौद्यातली माती घामानं भिजेपर्यंत.
एकोणनव्वद साली गुडघा गेला.
जोर सुटले.
खुराक सुटला नाही.

दूध आता एकच पेला, म्हणतात.
चहा सात वेळा, ‘पण गुळाचा, साखर न्हवं.’
भाकरीवर काकवी.
रश्श्यात बुडवलेला भाताचा डोंगर.
आणि संध्याकाळची ती, औषधापुरती,
बाटली संपेपर्यंतचं औषध.

खाटकाकडे काळीज मागितलं
तर तो यकृत तोलून देतो.
गाण्यात काळीज म्हणजे भलतंच काही.
शरीर खाटकाच्या बाजूचं.
गूळ, भात, दारू, सगळं फिरून काळजाशी येतं,
खर्चायला कुणी नसलं
की काळीज त्याची चरबी करतं
आणि रक्ताच्या रस्त्यानं गाड्या भरून पाठवत राहतं
एका हौद्याकडे, जिथं आता कुणी उतरत नाही.

बाई आल्या. म्हणाल्या, एकट्या बोकडाला कशाला फाशी देताय?
आधी गूळ आणि बाटली. मग भात, मुठीएवढा.
मटण रविवारी, तवंग काढून.
अधेमधे मोडाची मटकी, अंडं, जवसाची चटणी,
आणि आंबा घाट चढून बर्फात येणारा बांगडा.
ही गोळी, आणि रोज रंकाळ्याला एक फेरी.
‘बांगडा? आम्ही काय कोकणातलं हाय?’
बाईंनी वर न बघता लिहिलं: आठवड्यातून दोनदा.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच शटर, तेच वाकणं.
‘भाकरी कोरडी लागती,’ एवढीच तक्रार.
यंत्र थांबलं. वरचं पाणी गढूळ,
पण पलीकडचं माझं बोट दिसत होतं.
दोनशे अडतीस.
‘म्हंजे चीत न्हाई.’
नाही, आबा.
‘बरोबरीत सुटली म्हणायची.’
त्यांना बरोबरी कधी आवडलेली नसावी.
नळी उजेडाकडे धरून ते बराच वेळ बघत राहिले.

मग मागे वळले. दारात नातू,
चोवीस वर्षांचा, जिमचा घट्ट बनियन,
हातात पावडरचा हलवायचा डबा,
काखेत थंड पेयाची मोठी बाटली.
‘रोहन्या, ये हिकडं. बाही वर कर.’
‘मला काय झालंय?’
‘मलापण काय झालं न्हवतं.’

मी नवी चिठ्ठी काढली.
वय विचारलं. शेवटचं कधी खाल्लं, विचारलं.
तो आजोबांकडे बघत राहिला.