हातचा एक

उन्हाळी संशोधनाचे आठ आठवडे, डंडीत.
उन्हाळा म्हणायचा तो कागदोपत्री;
टे नदीवरून येणारा वारा
जुलैतही स्वेटरची बटणं चाचपून बघायचा.

दुसरं वर्ष संपलेले आम्ही तिघं:
मी, कोजो, आणि एली,
जिच्या नावाच्या स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं
नुसती बसून असतात.
विषय, गोळ्यांच्या डबीचं झाकण.
संधिवाताच्या बोटांना उघडेल असं.
थ्री-डी प्रिंटरवर सहा झाकणं छापली,
पाच मोडली.
सहावं निळं, कडेला एक पंख असलेलं,
अंगठ्यानं ढकलायचा.

डॉ. पेट्री म्हणाल्या, झाकणाच्या प्रेमात पडू नका.
पडायचंच तर स्टॉपवॉचच्या पडा.

तेवीस माणसं आली.
मी संमतीपत्र वाचून दाखवायचे,
त्यातलं ‘कारण न देता कधीही बाहेर पडता येईल’
हे वाक्य जरा सावकाश.
मग गाठाळलेली बोटं झाकणाशी झोंबायची
आणि मी मदत करायची नाही.
शरीरशास्त्राच्या तोंडी परीक्षेहून हे अवघड,
आपले धडधाकट हात मांडीखाली दाबून
दुसऱ्याचे सेकंद मोजणं.

नाव लिहायचं नाही असा नियम,
म्हणून ते सतरा नंबर.
पंधराव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागलेले.
माझ्या वडिलांच्या दुकानातली साखरेची पोती
मी त्यांना सांगितली;
म्हणाले, मग आपली ओळख जुनीच की.
झाकणाला एकेचाळीस सेकंद.
घरी कशी उघडता?
दातांनी. दात माझे नाहीत, झिजले तर झिजले.
फॉर्मवर या वाक्याला जागा नव्हती.

डबी घरी न्यायची, चार आठवड्यांनी परत यायचं.
बावीस आले.

सतराव्या ओळीत मी कारणाचा कोड भरला:
चार. इतर.
यादीत तेवढाच बसत होता.
एली खिडकीशी जाऊन उभी राहिली,
कोजोनं न विचारता चहा केला,
साखर विसरला, कुणी मागितली नाही.

पुढच्या मंगळवारी त्यांची मुलगी आली,
पार्किंगचे पैसे भरून, खास डबी द्यायला.
तुमची वस्तू आहे, म्हणाली.
आमचा पंख, ज्याच्या कोनावर आम्ही दोन आठवडे भांडलो,
मुळापासून कापलेला.
त्या जागी रबर बँडचे आठ-दहा वेढे,
ब्रोकोलीच्या जुडीचा जाड, जांभळा रबर बँड,
टोक आत खोचलेलं, गिरणीतली गाठ असावी.
शेवटी शेवटी बाबांनी दात लावले नाहीत,
एवढंच बोलली. लिफ्ट आली होती.

मी ती डबी डाव्या हातानं उघडली,
हिवाळ्यातले जाड हातमोजे घालून.
सहा सेकंद.
पुन्हा. सहा.
हे मोजमाप कशातच धरता येत नाही.

पोस्टरवर लिहिलं:
लक्षणीय फरक आढळला नाही.
परीक्षक थांबले, म्हणाले,
नकारात्मक निकालही मोलाचाच असतो हं,
आणि सँडविच सांभाळत पुढच्या पोस्टरकडे गेले.

तिसरीत बेरजेच्या वहीवर
गोखले बाई लाल शाईनं लिहायच्या, हातचा विसरलीस.
हातचा उत्तरात दिसत नाही.
वर कोपऱ्यात बारीक लिहून ठेवायचा
आणि पुढच्या घरात मिळवायचा, बस.
पुढचं घर अजून मांडलेलं नाही.
मी तिसऱ्या वर्षाला आहे.

हॉल रिकामा होताना
कोजो पोस्टरची गुंडाळी धरून ओरडला,
रबर बँड आहे का कुणाकडे?

होता.
दिला नाही.